माझी पिल्लं, ताईंच्या कोंबड्या

पिल्लं मी प्रेमाने आणली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ओळखीतला जो तो मला विचारतो, "काय हो, कोंबड्यांची आवड दिसते तुम्हांला?" आणि मी हसून हो म्हणते. आवड वगैरे काही नाही. मला मागच्या अंगणात पाय रोवायचा होता, आणि त्यासाठी काहीतरी जिवंत लागणार होतं. कुंड्या ठेवून बघितल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या सगळ्या जिन्याखाली एका ओळीत लावलेल्या सापडल्या.

घर कोथरूडचं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती म्हणतात. आता तिन्ही बाजूंना सोसायट्या उभ्या आहेत आणि मध्ये आमचं हे दोन मजली घर अंग चोरून बसलंय. खाली थोरल्या जाऊबाई, वर आम्ही. म्हणजे कागदावर आम्ही. नवऱ्याची नोकरी विदर्भातल्या एका कारखान्यात होती, तिथल्या वसाहतीत आमची सव्वीस वर्षं गेली आणि वरच्या मजल्याला तेवढी वर्षं कुलूप होतं. दिवाळीला चार दिवस यायचो, फराळ खाऊन जायचो. नवरा निवृत्त झाला, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही सामानाचा ट्रक घेऊन कायमचे दारात उभे राहिलो. चार दिवसांचे पाहुणे कायमचे आले की घरातल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तो मी त्या दिवशी बघितला.

जाऊबाईंना मी ताई म्हणते. पूर्वी त्या मला अगं-तूगं करायच्या. ट्रक आला त्या दिवसापासून 'तुम्ही' सुरू झालं. पुण्यात माणसाला लांब ठेवायला शिवीगाळ करावी लागत नाही, एवढा आदर पुरतो.

थोरले दीर जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी परदेशात. ताईंकडे उरलं होतं ते मागचं अंगण: एक शेवगा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड, खुराडं आणि पाच गावरान कोंबड्या. त्या पाचांत एक काळी. तिचा तुरा डाव्या डोळ्यावर लवंडलेला, त्यामुळे ती सतत एका डोळ्याने हिशेब लावतेय असं वाटायचं. सकाळी ताईंनी परात ठेवली की आधी काळी खाणार, बाकीच्या चौघी पंख मिटून वाट बघणार. एखादीने घाई केली की डोक्यात एक चोच बसायची, तीही अशी सवयीने, राग न धरता. ताई ते बघत चहा प्यायच्या. मी जिन्यात उभी राहिले तर कप उचलून आत जायच्या.

एका रविवारी गल्लीत पिल्लंवाला आला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी जाळीचे पिंजरे बांधलेले, आत महिनाभराची पिल्लं. मी घरातल्या चपलांवर खाली उतरले आणि सहा घेऊन आले.

"कशाला?" नवऱ्याने पेपर खाली न करता विचारलं.

"अंड्यांना."

"अंडी दुकानात मिळतात."

"अंगण मिळत नाही," मी म्हटलं. त्याने पान उलटलं. भांडणाची चाहूल लागली की पान उलटायचं, हे त्याचं लग्नापासूनचं धोरण आहे.

मला कोंबड्यांमधलं कळत नाही असं नाही. वसाहतीत मी पंधरा वर्षं पाळल्या होत्या. पण त्या सगळ्या एकत्र वाढलेल्या. जुन्या कळपात नवी पिल्लं सोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एवढं मात्र ऐकून होते की थेट सोडायची नाहीत. आधी एकमेकांना दिसू द्यायचं, शिवू द्यायचं नाही. म्हणून दोन आठवडे वरच खोक्यात बल्बखाली ठेवली आणि मग शेवग्याखालचा कोपरा जुन्या खिडकीच्या जाळीने आणि फळ्यांनी अडवला. खिळे ठोकताना मी मुद्दाम जोरात ठोकले. ताई बाहेर याव्यात, काहीतरी बोलाव्यात आणि मला उत्तर देता यावं, अशी माझी इच्छा होती. उत्तरं रात्रभर पाठ केली होती.

ताई आल्या. "हे काय?"

"पिल्लं."

"ते दिसतंय. हे काय?" त्यांनी फळीला पायाचा अंगठा लावला.

"जाळी. तीन आठवडे लागेल."

"शेवग्याला पाणी घालायला वाट ठेवा," म्हणाल्या आणि गेल्या. माझी पाठ केलेली उत्तरं तशीच राहिली. त्यांच्यावर मी आणखी चिडले, कारण चिडायला त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.

तीन आठवडे पिल्लं जाळीच्या आत आणि कोंबड्या बाहेर. पहिल्या दिवशी पाचही जणी जाळीला येऊन भिडल्या. काळीने मान वाकडी करून एकेकाला बघून घेतलं, सहाच्या सहा. पिल्लं एकमेकांच्या पोटाखाली शिरायला बघत होती. हळूहळू त्यांची भीड चेपली. जाळीच्या दोन्ही बाजूंनी दाणे टिपायला लागली. माझ्या एका मैत्रिणीने फोनवर हसत हसत म्हटलं, "अगं, तूही नवीन पिल्लूच आहेस त्या घरात." मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. माझं पिल्लू म्हणवून घ्यायचं वय नव्हतं आणि कुणाच्या पोटाखाली शिरायची तयारीही नव्हती.

जाळी काढायची वेळ जवळ आली तशी मला एक वेगळीच काळजी लागली. माझी पिल्लंही गावरानच, तांबडी, करडी, ठिपक्यांची. ताईंच्या कोंबड्या तशाच. उद्या सगळ्या एका परातीत खायला लागल्या, एका खुराड्यात बसायला लागल्या, की कोणती कोणाची हे सांगणार कोण? अंगणाची मालकी ज्यांच्याकडे, कोंबड्याही त्यांच्याच होणार. कुंड्यांचं काय झालं ते मी बघितलं होतं.

माझ्या माहेरी यावर सोपा उपाय होता. माझी आई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून कोंबड्यांच्या पायाला बांधायची. प्रत्येक घराचा रंग ठरलेला, आमचा हिरवा. गल्लीभर कोंबड्या फिरायच्या आणि संध्याकाळी चिंधी बघून आपापल्या घरी हाकलल्या जायच्या, भांडण नाही की तंटा नाही. पण वाढत्या पिल्लाच्या पायाला चिंधी काचते. म्हणून मी भाचीच्या लग्नात घेतलेली नेलपॉलिशची बाटली काढली. लालभडक. तेवढा एकच रंग घरात होता. धुण्याच्या दगडावर ऐसपैस बसून, ताई कपडे वाळत घालत असताना, मी सहाही पिल्लांच्या पायांना लाल पट्टे ओढले. पाय चिखलात माखतात म्हणून शेपटीच्या वर पिसांवरही एकेक ठिपका दिला. ताईंना दिसावं म्हणूनच तिथे बसले होते, ते त्यांना दिसलं.

"ते लाल काढा आधी," त्या दोरीपलीकडून म्हणाल्या.

"राहू दे. ओळखू येतात."

"मला तशाही ओळखू येतात."

"म्हणूनच लावलंय," मी म्हटलं.

त्यांनी एक चिमटा दोरीला लावला, मग दुसरा. बाकीचे कपडे बादलीतच ठेवून त्या आत गेल्या. मला वाटलं, लागला घाव. त्या दिवशी मी जेवताना खुशीत होते, नवऱ्याला वरणही दोनदा वाढलं.

सोमवारी सकाळी जाळी काढली. पहिला दिवस पळापळीचा गेला. काळी मागे लागायची, पिल्लं कढीपत्त्याच्या बुडाशी घुसायची. हे व्हायचंच, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा दिवस बरा वाटला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या रेडिओचा एक सुटा भाग आणायला मी बुधवार पेठेत गेले. तो भाग चौथ्या दुकानात मिळाला, परतीची बस भरून आली, आणि घरी पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती.

अंगणात आवाज नव्हता. खुराड्याचं दार बंद आणि पाचही कोंबड्या आत. शेवग्याखाली ताईंचं बांबूचं डालं पालथं घातलेलं, त्याच्या फटींतून माझी पिल्लं दिसत होती. मी मोजली. चार. ताई धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी पेपरवर उरलेली दोन होती. दोन्ही शेपटीपासून वर उघडी पडली होती. मी नीट बघितलं नाही. एकदा बघितलं तेवढं पुरलं.

"तुमच्या कोंबड्यांनी मारली," मी म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते आणि एका ठिकाणी रक्त साकळलं होतं. ते मला त्याच क्षणी दिसलं. दिसूनही मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, यावेळी मोठ्याने. मग जे तोंडात येईल ते बोलले. कुंड्या काढल्या, ट्रक आला त्या दिवसाचा चेहरा काढला, दिरांच्या माघारी सगळं घर गिळायला बसलात इथपर्यंत गेले. शेजारच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते कप घेऊन बाल्कनीत आले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, भांडण कोंबड्यांचं आहे की तुमचं? आवाजावरून कळत नाही."

"दोन्ही आहे. तुम्ही चहा प्या," मी म्हटलं. ते आत गेले.

ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोंबडी कोंबडीला टोचते, ते रोजचंच. पण एकदा रक्त दिसलं की सगळ्या तुटून पडतात. लाल दिसलं की थांबत नाहीत. तुम्ही रक्त आधीच लावून सोडलीत त्यांना."

रक्तावर कोंबड्या तुटून पडतात हे मला माहीत नव्हतं का? पंधरा वर्षं पाळलेल्या. जखमी कोंबडी मी स्वतः वेगळी ठेवलेली. पण बाटलीतला लाल आणि अंगातला लाल त्यांना एकच, हे डोक्यात आलं नाही. हिरवी बाटली असती तर सहाच्या सहा जगली असती.

"मग नीट सांगायचं ना!"

"काढा म्हटलं होतं."

"का, ते नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही उत्तर दिलंत."

त्यांनी कारण सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पिल्लांवरची खूण पुसायला बघतायत, उद्या आपली म्हणतील, हेच मी धरून बसले होते. हे मला तिथेच, तेव्हाच कळलं, आणि कळल्यामुळे त्या मला आणखी नकोशा झाल्या.

उरलेल्या चारांना वर नेलं. लाल पिसं कात्रीने कापली, पायांवरचा रंग नखाने खरवडला. एकाच्या पाठीला जखम होती. संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जांभळ्या औषधाची बाटली दिसली, शेजारी कापूस. हाक नाही की काही नाही. जांभळं लावलं की रक्ताचा लाल दिसत नाही, हे नवऱ्याने मोबाइलवर वाचून मला सांगितलं. त्या दिवशी त्याने एवढंच काम केलं.

दोन दिवसांनी सकाळी ताईंनी जिन्याखालून हाक मारली. काळी त्यांच्या काखेत होती.

"हिला वर घ्या. आठ दिवस."

"मी?"

"ही पुढे झाली की बाकीच्या मागे येतात. ही नसली तर त्या कुणाच्या अंगावर जात नाहीत. तेवढ्यात तुमची मिसळतील."

"तुमच्या न्हाणीघरात ठेवा ना."

"खाली ठेवली तर त्यांना तिचा आवाज येईल. माझा आवाज आला की ही गप्प राहत नाही." त्यांनी कोंबडी माझ्या हातात दिली, वर एक डबा दिला. "बाजरी आहे. भिजवून घाला. कोरडी खात नाही."

अशी ती माझ्या बाल्कनीत आली. माझ्या दोन पिल्लांना मारणारी. मला तिचा संताप आला होता, आणि कोंबडीवर संतापणं मूर्खपणाचं आहे हे माहीत असल्यामुळे तो कमी होत नव्हता. पहिल्या दिवशी एकदा पातेल्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं, खोटं कशाला सांगू? नवरा म्हणाला, "अगं, विश्वासाने दिलीय त्यांनी." मी म्हटलं, "विश्वास वगैरे काही नाही, सोय आहे." आणि दोन दिवस तिला बाजरी कोरडीच घातली. मुद्दाम. ती दोन दाणे उचलायची, टाकायची, आणि गजांतून खाली अंगणाकडे तोंड करून उभी राहायची. ताई खाली काही बोलल्या की मान ताठ करायची. तिसऱ्या दिवशी मी बाजरी भिजवली. दया आली म्हणून नव्हे. दाणे खरडण्याचा तो आवाज डोक्यात जायला लागला होता.

खाली मात्र ताई म्हणाल्या तसंच झालं. चार कोंबड्या, चार पिल्लं. सुरुवातीला थोडी टोचाटोची झाली, मग पिल्लं परातीच्या कडेला यायला लागली. पाचव्या दिवशी आठही जणी एका परातीत. मी बाल्कनीतून बघत होते. शेजारी काळी होती. "बघ," मी तिला म्हटलं, "तुझ्यावाचून काही अडत नाही." मला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी तिला खाली नेलं. ताई धुण्याच्या दगडाशी उभ्या होत्या. मी काळीला जमिनीवर सोडलं. तिने अंग झाडलं आणि कुणाकडे न बघता थेट परातीकडे गेली. इतकी वर्षं तिची दोन नंबरची असलेली तांबडी पुढे आली आणि तिने काळीच्या तुऱ्यावर चोच मारली. काळी थांबली. तिला काय झालं तेच कळेना. दुसरीने मारली, तिसरीने मारली. पळायची तिला सवयच नव्हती, ती नुसती जागच्या जागी वळत राहिली. मग माझं ठिपक्यांचं, चारांतलं सगळ्यांत बारकं पिल्लू मागून आलं आणि त्यानेही एक टोच मारून घेतली.

मी हसले. मोठ्याने हसले, टाळी वाजवायचीच राहिली होती.

"हसा," ताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "हे होणारच होतं."

"म्हणजे?"

"बाहेर राहून परत आली की तिची जागा जाते. आठ दिवस लागत नाहीत, चारांतही जाते. आता ती शेवटची."

"माहीत होतं तर दिलीत कशाला?"

"तुमची चार उरली होती," ताई म्हणाल्या. त्या वाकल्या, कोंबड्यांच्या मधून काळीला उचललं, तिच्या तुऱ्यावरचं रक्त पदराने टिपलं आणि तिला घेऊन आत गेल्या. मी तोंडावरचं हसू कुठे ठेवावं ते न कळून तशीच उभी राहिले.

तेव्हापासून काळी परातीशी जात नाही. ताई तिला स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यावर वेगळं खायला घालतात, ओंजळीतून. आमचं बोलणं वाढलेलं नाही. पाणी आलं का, गॅसवाला येऊन गेला का, एवढंच. माझी चार मोठी झाली, आणि त्यांना ओळखायला मला खुणेची गरज पडत नाही.

परवा ठिपक्यांच्या तलंगीने पहिलं अंडं दिलं. लहान, एका टोकाला जरा चपटं. ते वाटीत घेऊन मी ताईंच्या मागच्या दाराशी गेले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. काळी उंबऱ्यावर दाणे खात होती. माझी सावली पडली तशी ती दाणे टाकून उठली, अंग आकसून भिंतीला लागली आणि मला वाट करून दिली. मला इतकी लाज वाटली की हाक मारायला तोंड उघडेना. आतून ताईंनी विचारलं, "कोण आहे?"

"मी नंतर येते," म्हटलं, आणि वाटी घेऊन परत वर आले.